दक्षिणेकडे पडलेली सावली

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वीज वितरण कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, छतावरील सौर योजनेच्या कक्षात, पत्रक क्रमांक दोनशे चौदा तपासनीस बाईंच्या टेबलावर आले. त्या दिवशीचे ते एकोणिसावे. तिने पहिल्या पानावर सही केली, दुसऱ्यावर केली, तिसऱ्या पानावरचा फोटो पाहिला आणि पेनाला टोपण लावले.

फोटो एका पिठाच्या गिरणीच्या छताचा होता. खाली छापले होते : १२ जानेवारी, दुपारी बारा. छतावर लोखंडी स्टँडवरची पाण्याची टाकी, तिच्या बाजूला जिन्याची खोली. टाकीची सावली जेमतेम वीतभर होती आणि ती जिन्याच्या दिशेने पडली होती. शेजारच्या आराखड्यात जिना दक्षिणेला दाखवला होता.

जानेवारीत दुपारी बाराला सावली दक्षिणेला पडत नाही. या भागात सूर्य वर्षातला बराच काळ दुपारी दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला जाते, आणि थंडीत ती माणसाएवढी लांब होते. फक्त मे-जूनच्या आगेमागे काही आठवडे सूर्य डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला सरकतो. तेव्हा सावली आखडून दक्षिणेला वळते. कक्षात त्या काळाला ‘पाठमोरे आठवडे’ म्हणत. सहा वर्षे छतांचे फोटो पाहणाऱ्या बाईला हे सांगायला कोणी लागत नव्हते.

म्हणजे फोटो जानेवारीतला नव्हता.

एरवी अशा पत्रकावर ‘फेरपाहणी’ असा शिक्का मारून ती मोकळी झाली असती. आज ते सोपे नव्हते. गिरणीच्या गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे ज्याला सगळे डीपी म्हणतात त्यावर, नियमाप्रमाणे ठरावीक मर्यादेपर्यंतच छतांची वीज घेता येते. ती मर्यादा भरत आली होती. शेवटच्या पंधरा किलोवॉटची जागा उरली होती आणि अर्ज दोन होते. पहिला गिरणीचा, त्याच्या मागे बर्फाच्या कारखान्याचा. तीन वाजताच्या फोटोत शेजारच्या इमारतीची सावली गिरणीच्या निम्म्या छतावर पसरलेली दिसत होती, म्हणून गिरणी अपात्र, आणि जागा बर्फवाल्याला. नवा डीपी यायला दोन वर्षे तरी. यादी पाच वाजता फलकावर लागायची होती, तिच्या सहीने.

पत्रकाच्या तळाशी पाहणी करणाऱ्याची सही होती. ती तिच्या धाकट्या दिराची. सप्टेंबरात त्याला कंत्राटी पाहणीदार म्हणून घेतले तेव्हा ओळख देणारी व्यक्ती म्हणून हिनेच सही केली होती. फोटो खोटे ठरले तर पहिली नोकरी त्याची जाणार होती. हिच्याकडे बोट दुसऱ्या दिवशी वळले असते.

तिने खिडकीपाशी जाऊन फोन लावला.

“भाऊजी, दोनशे चौदा. गिरणी. छतावर तुम्ही स्वतः चढला होता ना?”

“म्हणजे काय वहिनी, विमानातून पाहिलं असेल का?”

“तीन वेळा? नऊ, बारा, तीन?”

“तीन वेळा. माझ्या गुडघ्यांना विचारा. का, काय झालं?”

“टाकीची सावली दक्षिणेला आहे.”

दीर हसला. “होकायंत्र स्टँडजवळ धरलं असेल मी. लोखंड आलं की सुई वेड्यासारखी करते. आराखड्यात उत्तर-दक्षिण उलटं झालं असेल, दुसरं काय.”

“आणि सावली आखूड झाली, तीपण सुईनेच का?”

पलीकडे एक ट्रक गेल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “वहिनी, सही करून टाका ना. एवढ्या ढिगाऱ्यात एक कागद. पाचला यादी लागायचीय, उगाच साहेबांचं डोकं फिरेल.”

“यादी आज लागायचीय हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहितीय.”

सगळ्यांना माहीत नव्हते. साहेबांनी सोमवारी संध्याकाळी केबिनचे दार लावून घेऊन तिला सांगितले होते. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण तिने आवाज तसाच ठेवला.

“मी गिरणीवर जातेय. छत बघून येते.”

“आत्ता? या उन्हात?”

“ऊनच तर बघायचंय.”

शिपायाच्या टेबलावरच्या हालचाल नोंदवहीत तिने लिहिले : ‘११.४०, स्थळपाहणी, गिरणी’. शिपायाने वही स्वतःकडे वळवून वाचली. तो सगळेच वाचायचा.

बसने वीस मिनिटे लागली. गिरणी गल्लीच्या मधोमध होती. आत जात्याची घरघर, बाहेर डब्यांची रांग, आणि दारात स्टुलावर बसलेली, भुवयांपर्यंत पिठाने माखलेली गिरणीवाली. तिने येणारीच्या गळ्यातले ओळखपत्र लांबूनच पाहिले आणि उठून खटका ओढून मोटर बंद केली.

“आता काय मोजायचं राहिलं बाई? छत मोजलं, गच्चीचा कठडा मोजला, मला उभी करून माझी सावली मोजली. सांगितलं असतं तर आडवी पण झाले असते.”

“मावशी, पाच मिनिटं वर जाऊ द्या. जानेवारीत आमचा माणूस आला होता?”

“आला होता की. उंच, कानावर खडू अडकवलेला. एकदा नाही, तीनदा आला. तिन्ही वेळा पाणी प्यायला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, बाबा, इथेच खाट टाक.” मग तिचा आवाज बदलला. “आमचं होतंय ना? दिवसभर मोटर चालते बघा. दुपारी वीज जाते ती वेगळीच. लोक डबे उचलून पुढच्या चौकातल्या गिरणीत जातात. एकदा गेलेला डबा परत येत नाही. या पॅनेलांवर मी पोराला दुकान बंद करू नको म्हणून सांगितलंय.”

“बघतेय,” तपासनीस बाई म्हणाली आणि जिना चढू लागली.

जिना दक्षिणेला होता. होकायंत्राची गरज नव्हती. बारा वाजून वीस मिनिटांनी सूर्य जिन्याच्या खोलीच्या बाजूला होता आणि टाकीची सावली त्याच्या उलट, मागच्या कठड्याकडे, चांगली दीड मीटर लांब पडली होती. तिने पावलांनी मोजली. मग खाली वाकली.

सिमेंटवर खडूच्या रेघा होत्या. पुसट, पावलांनी घासलेल्या, पण होत्या. बाराच्या वेळची रेघ उत्तरेला गेली होती आणि आजच्या सावलीच्या टोकापेक्षा वीतभर पुढे थांबली होती, म्हणजे जानेवारीत थांबायला हवी तिथेच. शेजारी दिराच्या अक्षरात ‘१२’ लिहिले होते. त्याचा दोनाचा आकडा पायमोडका असायचा, लहानपणापासून.

तिला आधी हायसे वाटले. भाऊजी खोटे बोलले नव्हते. ते चढले होते, तीनदा चढले होते, रेघा बरोबर ओढल्या होत्या. आणि मग तिच्या लक्षात आले की पत्रकातल्या फोटोत छतावर एकही खडूची रेघ नव्हती.

“मावशी,” तिने धापा टाकत वर आलेल्या गिरणीवालीला विचारले, “ती पलीकडची उंच इमारत. तिची सावली दुपारी इथे येते का?”

“आत्ता नाही येत. थंडीभर नाही. उन्हाळ्यात येते. तीन वाजल्यापासून हे एवढं सगळं,” तिने हाताने निम्मे छत झाकले, “मी तेव्हा इथेच पडते थोडा वेळ. तेवढेच दोन महिने सुख.”

“उन्हाळ्यात कोणी पाहणीला आलं होतं? फोटो काढायला?”

“मे महिन्यात. दोघं आले होते. एक साहेब माणूस, छत्री धरून. दुसरा फोटो काढत होता.”

“दुसरा कसा होता?”

“तोंडाला रुमाल गुंडाळलेला. उन्हाचा. डोळे तेवढे दिसत होते. डोळ्यांवरून मी माणूस ओळखत असते तर पोलिसात नसते का गेले?”

साहेबांनी स्वतः फिरून केलेली मे महिन्याची पाहणी तिला आठवली. शहरातल्या चाळीस छतांवरून सगळ्या शहराची सौर क्षमता काढायची होती आणि तो आकडा एका पुस्तिकेत छापायचा होता. आकडा छान मोठा आला. टाकीची सावली वीतभर असते तेव्हा कुठल्याही छतावर जागाच जागा दिसते. ती तेव्हा मुलीच्या परीक्षेसाठी रजेवर होती. आल्यावर तिने ‘पाठमोऱ्या आठवड्यांत मोजू नये’ असे टिपण दिले, ते कुठल्यातरी फायलीत झोपले. फोटो मात्र कार्यालयाच्या संगणकावर होते. मोठे आकडे दाखवायला काढलेल्या फोटोंतून हाच एक संच निवडून कोणीतरी एक छत बाद केले होते. ते करणाऱ्याला सूर्याची चाल ठाऊक होती, निदान त्या इमारतीची सावली तरी.

ती सव्वादोनला कार्यालयात पोहोचली. साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बर्फ कारखान्याचा मालक बसला होता. पांढरा शर्ट, गुडघ्यावर फाइल, वर्गात पहिल्या बाकावर बसावे तसा. त्याने उठून नमस्कार केला. तिने मान हलवली आणि सरळ संगणकवाल्याकडे गेली. त्याला सगळे बटणराव म्हणत. कुठलीही तक्रार घेऊन गेले की तो ‘बंद करून चालू करा’ एवढेच सांगे, म्हणून.

“बटणराव, दोनशे चौदाचे फोटो कधी चढवले ते दिसतं का?”

“दिसतं की. काय बिघडलं? बंद करून...”

“काही बिघडलं नाही. बघ फक्त.”

त्याने चार ठिकाणी टकटक केली. “तेरा जानेवारीला चढवले. पाहणीदाराने. आणि...” त्याने चष्मा वर सरकवला. “आणि एकोणीस जानेवारीला बदलले. संध्याकाळी चार चाळीस. तिन्ही फोटो.”

“कोणी?”

बटणरावाने तिच्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, पुन्हा तिच्याकडे.

“मॅडम, तुम्हीच.”

पडद्यावर तिचा कर्मचारी क्रमांक होता. तिने तो दोनदा वाचला.

“जुने फोटो?”

“बदलले की आधीचे जातात. जागा नाही ना सर्व्हरवर. पाहणीदारांच्या फोनमधले पण दर शनिवारी पुसायचे असं परिपत्रकच आहे.”

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. एकोणीस जानेवारीला ती कार्यालयात होती, हजेरीच्या अंगठ्याच्या यंत्रावर साडेपाचला निघाल्याची नोंद होती. चार चाळीसला ती कुठे होती? कदाचित चहाला. कदाचित इथेच. कोणी शपथेवर विचारले तर तिला सांगता आले नसते.

तिचा परवलीचा शब्द तिच्या एकटीकडे नव्हता. पाहणीदारांची खाती उघडायला कार्यालयाने साडेतीन महिने लावले होते. तोवर दीर रोज संध्याकाळी घरी येऊन तिच्याच खात्यातून फोटो चढवायचा, भाजी निवडता निवडता तिने तो शब्द त्याला सांगितला होता. डिसेंबरात ती दोन दिवस तापाने पडली तेव्हा साहेबांनी फोनवर मागून घेतला होता. बटणरावाने तर तो बनवूनच दिला होता. कक्षात सगळ्यांचेच असे चालायचे. काम अडून राहण्यापेक्षा शब्द सांगून टाकलेला बरा, असा तिथला रिवाज. किती जणांकडे होता हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होत होती. त्याचाच तिला त्रास झाला. अनोळखी माणसावर संशय घेणे किती सोपे असते.

साडेतीनला तिला केबिनमध्ये बोलावणे आले. साहेब कागद सारखे करत होते.

“ताई, यादी?”

“सर, दोनशे चौदामध्ये फोटो मेमधले आहेत. मी छत बघून आले. तीनची सावली आत्ता तिथे पडत नाही.”

“उन्हाळ्यात पडते ना? मग वर्षातले दोन महिने तरी पडते. छत तेच, इमारत तीच. फोटो जुना असला म्हणून काय बिघडलं?”

“नियमात तारीख आहे, सर. आणि उन्हाळ्यात दोन महिने सावली पडते म्हणून छत बाद करायचं, असं तर कुठे लिहिलेलं नाही. वर्षाचा हिशेब धरायचा म्हटलं तर गिरणी बसते.”

साहेब खुर्चीत मागे टेकले. “हे बघा, तुम्ही मला घरच्यासारख्या. शेरा लिहिलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. बदल तुमच्या खात्यातून झालाय. दुसरा प्रश्न तुमच्या दिराला. बिचाऱ्याचं आत्ता कुठे बस्तान बसतंय.”

“बदल माझ्या खात्यातून झाला हे तुम्हाला कधी कळलं, सर?”

“कळलं.”

“मला तासाभरापूर्वी कळलं.”

“इमारत जुनी आहे ताई,” साहेब हसले. “आवाज फार जातो इथे.”

बटणरावाने सांगितले असेल. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे खरे होते. किंवा साहेबांना आधीपासून ठाऊक असेल. दोन्ही तितकेच शक्य होते आणि साहेबांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नव्हते.

“मेमध्ये तुमच्याबरोबर फोटो काढायला कोण होतं?”

“असेल कोणी रोजंदारीवरचा. आठवत नाही. पाचला यादी लावायची, एवढं मात्र मला आठवतंय.”

जिन्यात येऊन तिने पुन्हा दिराला फोन लावला. मे महिना तिला आता वेगळाच आठवत होता. तेव्हा त्याला काम नव्हते. पंधरा दिवस तो सकाळी बाहेर पडायचा, मित्राच्या दुकानात हाताखाली आहे म्हणायचा, आणि घरी यायचा तेव्हा त्याचे हात उन्हाने कोपरापर्यंत भाजलेले असायचे. दुकानात बसून हात कसे भाजतात, असे तिने गमतीत विचारलेही होते.

“भाऊजी, मेमध्ये तुम्ही साहेबांबरोबर छतांवर जात होता?”

“कोणी सांगितलं तुम्हाला?”

“म्हणजे जात होता.”

“रोजावर होतो. कागदावर नाव नको म्हणाले, म्हणून घरी बोललो नाही. त्यानंतरच इथे लागलो ना. तुमच्या सहीने लागलो, पण...” तो थांबला. “वहिनी, जानेवारीत मी माझं काम चोख केलंय. रेघा बघितल्यात ना तुम्ही?”

“बघितल्या. रेघा आहेत हे मी तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं.”

“मीच ओढल्यात तर असणारच की! आता रेघांवरून पण संशय? तुमच्याशी बोलायचं म्हणजे...”

“फोटो कोणी बदलले?”

“मला नाही माहीत. देवाशप्पथ नाही. सही करा आणि विषय संपवा. आणि दादाला काही बोलू नका, तो आधीच मला...”

फोन कापला गेला. किंवा त्याने कापला. ती जिन्यात उभी राहिली. वरून खाली जाणारा बर्फवाला तिला वळसा घालून गेला, जाताना पुन्हा नमस्कार केला. याचे काम झाले म्हणून हा निघाला की होत नाही म्हणून, हे त्याच्या पाठीवरून कळेना.

दिराचे बोलणे खरे असू शकते, हे तिला दिसत होते. रेघा ओढणाऱ्याला रेघा आठवणारच. खोटेही असू शकते. आधी नीट काम करायचे, मग कोणीतरी सांगितले म्हणून तेच पुसायचे, यात माणसाला न जमण्यासारखे काही नसते. पण रेघा छतावर होत्या, आणि गिरणीवाली आपल्या पोराला दुकान चालू ठेव म्हणून सांगून बसली होती.

चार पस्तीसला तिने पांढरा कागद ओढला आणि हाताने लिहिले. पत्रक दोनशे चौदामधील तिन्ही फोटो नमूद तारखेचे नाहीत. आज १२.२० वाजता प्रत्यक्ष छत पाहिले. खडूच्या खुणा जानेवारीतील पाहणीशी जुळतात. फोटोंमधील बदल १९ जानेवारीस माझ्या खात्यातून झाल्याचे दिसते. तो मी केलेला नाही. माझा परवलीचा शब्द अन्य तीन व्यक्तींना ठाऊक आहे. या ट्रान्सफॉर्मरची यादी थांबवावी. तिघांची पदे तिने खाली लिहिली. तिसऱ्या ओळीत ‘पाहणीदार’ लिहून तिने त्याच्याकडे पाहिले. खोडावेसे वाटले. खोडले नाही. नाते तिने लिहिले नाही; ते सगळ्यांना ठाऊकच होते.

चार अठ्ठेचाळीसला आवक विभागात कागदावर शिक्का पडला. आवक कारकुनाने वाचले आणि म्हणाला, “ताई, घरी भांडण झालंय का?”

“अजून नाही,” ती म्हणाली.

पाच वाजता यादी लागली नाही. साहेब मागच्या जिन्याने गेले होते. घरी तिने नवऱ्याला सगळे सांगितले. तो फक्त म्हणाला, “आधी मला विचारायचं होतंस.” दीर रात्रभर आला नाही. त्याचा फोन वाजत होता, उचलला जात नव्हता.

बुधवारी सकाळी सव्वानऊला बटणरावाने तिला दारातच गाठले. आज त्याने बंद करून चालू करायला सांगितले नाही. मेच्या पाहणीचे मूळ फोटो तो शोधत होता, चौकशी झाली तर हाताशी असावेत म्हणून. त्या कप्प्यात आता एकोणचाळीस छते होती. गिरणीचे नव्हते. ते काढून टाकल्याची नोंद मात्र होती : मंगळवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे, खाते तिचेच.

त्या वेळी ती गिरणीच्या छतावर होती. ती तिथे जाणार हे दिराला फोनवर कळले होते, आणि हालचाल नोंदवहीतून बाकीच्यांना.

“कुठल्या संगणकावरून काढले?” तिने विचारले.

“ते नाही येत यात, मॅडम,” बटणराव म्हणाला. “फक्त खातं आणि वेळ.”